हवेतील गायरान आणि घरचा पहारा

वडोदऱ्याच्या दांडिया बाजाराकडील एका जुन्या घरात माझे मावसभाऊ राहतात. घर त्यांच्या आजोबांनी बांधलेले. भिंती हातभर जाडीच्या, मध्ये चौक, मागे परसू आणि रस्त्याच्या अंगाला दिंडी दरवाजा. दादांनी सत्तरी ओलांडली आहे, वहिनी त्यांच्या मागोमाग आहेत, आणि एकुलता एक मुलगा परदेशी नोकरीस आहे. दोन वर्षांपूर्वी आळीत एक घरफोडी झाली. ती वार्ता ऐकून मुलगा अस्वस्थ झाला आणि दिवाळीस आला तो चार बिनतारी कॅमेरे घेऊनच. एक दिंडीवर बसला, एक परसात, एक जिन्याशी आणि एक बैठकीच्या खोलीत. तारा ओढण्याची यातायात नाही. कॅमेरे घरच्या वाय-फायशी जोडले आणि त्याच रात्री पहारा सुरू झाला.

पण त्या दिवाळीपासून रविवारच्या संध्याकाळी बिघडल्या. दर रविवारी मुलाशी समोरासमोर बसल्याप्रमाणे तासभर बोलणे होत असे. आता मध्येच चित्र गोठू लागले, शब्द तुटू लागले, आणि 'ऐकू येते का?' या एकाच प्रश्नात अर्धा वेळ जाऊ लागला. इंटरनेट पुरविणाऱ्या केबलवाल्याचा माणूस आला. त्याने तार तपासली, वेग मोजून दाखविला आणि सर्व ठीक असल्याचा निर्वाळा देऊन तो निघून गेला. दादांनी महिन्याचे भाडे वाढवून अधिक वेगाची योजना घेतली, तरी फारसा फरक पडला नाही. एके दिवशी वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, आम्ही त्याला दिवसभर दिसतो, पण आम्ही बोललेले मात्र त्याला ऐकू जात नाही."

वहिनींच्या या वाक्यात तक्रार होती, पण रोगाचे निदानही होते, हे मला पुढे उमगले. त्या घरात काहीच मोडले नव्हते. तार धड होती, यंत्रे धड होती. जे घडत होते ते हवेतील एका सार्वजनिक जागेच्या वाटणीचे भांडण होते, आणि त्या जागेचा इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे. तोच आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

या इतिहासाचा आरंभ आपल्याच देशात दाखविता येतो. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बसू यांनी विद्युत-चुंबकीय लहरी भिंतींपलीकडे पाठवून दूर ठेवलेली घंटा वाजवून दाखविली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखविली. त्यांनी हाताळलेल्या लहरी फार आखूड होत्या. काही मिलिमीटरांपासून सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीपर्यंतच्या. आज आपल्या घरातील वाय-फाय ज्या लहरी वापरते त्यांची लांबी मुख्यतः साडेबारा सेंटिमीटर किंवा पाच-सहा सेंटिमीटर असते. म्हणजे आपले राउटर आणि बसूंची उपकरणे ही एकाच घराण्यातील होत. भिंतीतून लहर पार जाते हे बसूंनी दाखविले. पण ती पलीकडे जाताना तिचे बळ किती उरते, हा प्रश्न हातभर जाडीच्या भिंतीचा मालक आज नव्याने विचारीत आहे. सामान्यतः लहर जितकी आखूड, तितकी जाड भिंत तिला अधिक जड जाते.

बिनतारी संदेशवहन सुरू झाल्यावर थोड्याच वर्षांत एक गोष्ट ध्यानात आली. हवा अफाट असली तरी तिच्यातून एका वेळी एका कंपनसंख्येवर एकानेच बोलावे लागते. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही ऐकू येत नाही. म्हणून १९०६ साली बर्लिन येथे राष्ट्रांनी एकत्र येऊन नियम केले, आणि मग प्रत्येक देशात परवान्यांचे राज्य सुरू झाले. हिंदुस्थानात १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरला. घरातील रेडिओचे परवाना-पुस्तक घेऊन टपाल कचेरीत वार्षिक शुल्क भरावयास गेलेले आणि त्यावर तिकिटे चिकटवून घेतलेले वृद्ध श्रोते आजही आपल्यांत असतील. हवा ही शेतजमिनीसारखी झाली होती. तिचे गट पडले, मोजणी झाली, आणि प्रत्येक तुकड्यावर कोणाचे तरी नाव चढले. हा तुकडा जहाजांचा, हा विमानांचा, हा लष्कराचा, हा नभोवाणीचा.

परंतु गावाची सर्व जमीन कसदार नसते. जी कसण्याजोगी नाही ती गायरान म्हणून सोडून देतात. हवेतही असेच एक गायरान निर्माण झाले, आणि ते निर्माण होण्याचे कारण मोठे गमतीचे आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी मॅग्नेट्रॉन नावाची नळी मोठ्या प्रमाणावर तयार होत असे. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीचे अभियंता पर्सी स्पेन्सर यांच्या ध्यानात आले की, या नळीतून निघणाऱ्या लहरींनी खाद्यपदार्थ तापतात. ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यांनी त्याच्या स्वामित्वहक्कासाठी अर्ज केला आणि १९४७ साली 'रडारेंज' नावाची पहिली भट्टी विक्रीस आली. ती पुरुषभर उंचीची आणि सुमारे ३४० किलो वजनाची होती. अशा यंत्रांतून लहरी थोड्याबहुत बाहेर झिरपणारच, आणि त्या आसपासच्या संदेशांत गोंगाट माजविणारच. त्याच १९४७ साली अटलांटिक सिटी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या असल्या गोंगाट करणाऱ्या यंत्रांसाठी काही पट्टे वेगळे काढून ठेवले. २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा हा त्यांपैकी एक होय. भट्ट्यांच्या धुराने भरलेल्या जागेत घर कोण बांधणार? म्हणून संदेशवहनाच्या दृष्टीने ती जागा पडीक ठरली.

पुढे जवळजवळ चाळीस वर्षे हे गायरान असेच पडून होते. ९ मे १९८५ रोजी अमेरिकेच्या संदेशवहन आयोगाने एक असामान्य निर्णय घेतला. मायकेल मार्कस या अभियंत्याने त्यासाठी पुढाकार घेतला होता. युद्धकाळात गुप्ततेसाठी विकसित झालेली एक युक्ती होती. संदेश एका अरुंद पट्ट्यात कोंबण्याऐवजी तो रुंद पट्ट्यावर पसरून पाठवावयाचा, म्हणजे गोंगाटातही तो ओळखू येतो. ही युक्ती वापरणाऱ्या कमी शक्तीच्या यंत्रांना या पडीक पट्ट्यांत परवान्यावाचून बोलण्याची मुभा आयोगाने दिली. मात्र अट अशी घातली की, दुसऱ्याला त्रास द्यावयाचा नाही, आणि आपल्याला त्रास झाला तर तक्रार करावयाची नाही. हक्क कोणाचाच नाही, वापर सर्वांचा. श्रोतेहो, गायरानाची याहून नेमकी व्याख्या कोणत्या तलाठ्यानेही केली नसती!

आता प्रश्न असा की, जेथे कोणी मालक नाही, कोणी पाटील नाही, तेथे बोलण्याची पाळी कोण ठरविणार? याचे उत्तर त्यापूर्वीच पॅसिफिक महासागरातील बेटांवर तयार झाले होते. हवाई विद्यापीठातील प्राध्यापक नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांचे सहकारी यांना निरनिराळ्या बेटांवरील यंत्रे एका मुख्य संगणकाशी जोडावयाची होती. जून १९७१ मध्ये त्यांची 'अलोहा' नावाची बिनतारी जोडणी सुरू झाली. तिचा नियम अत्यंत साधा होता. ज्याला बोलावयाचे असेल त्याने बोलावे. पोच मिळाली नाही तर आपले बोलणे दुसऱ्याच्या बोलण्यावर आदळले असे समजावे, मनास येईल तितका वेळ थांबावे आणि पुन्हा बोलावे. ही व्यवस्था चालली, पण तिची किंमतही गणिताने स्पष्ट केली. अशा मोकाट पद्धतीत मार्गाच्या क्षमतेपैकी फार तर १८ टक्के भागच कारणी लागतो. उरलेला भाग आदळाआपटीत आणि रिकामेपणात जातो.

पुढे १९७३ साली अमेरिकेतच झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी अब्रॅमसन यांच्या कामावरून स्फूर्ती घेऊन तारेवरील एक जोडणी उभारली. तिला जुन्या पदार्थविज्ञानातील ईथरचे नाव देऊन त्यांनी 'इथरनेट' म्हटले. तिच्यात एक सभ्यतेचा नियम वाढला. बोलण्यापूर्वी ऐकावे, दुसरा बोलत असेल तर थांबावे. हाच नियम पुढे बिनतारी जोडणीत आला, पण तेथे एक अडचण होती. तारेवर टक्कर झाल्याचे बोलणाऱ्याला चटकन कळते. हवेत मात्र बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज इतका मोठा येतो की, त्या क्षणी दुसरे कोणी बोलत आहे की नाही ते त्याला कळत नाही. म्हणून बिनतारी यंत्र आधी ऐकते, मग थोडे थांबते, मग बोलते, आणि प्रत्येक बोलण्याची पोच मागते.

हे सारे एकत्र गुंफण्याचे काम अभियंत्यांच्या एका समितीने केले. नेदरलँड्समधील व्हिक हेज हे तिचे दहा वर्षे अध्यक्ष होते. ते ज्या कंपनीत होते तिला दुकानांतील गल्ल्यांची यंत्रे तारेवाचून जोडावयाची होती. म्हणजे बिलांचे आकडे इकडून तिकडे न्यावयाचे होते. १९९७ साली ८०२.११ या क्रमांकाचे पहिले मानक प्रसिद्ध झाले तेव्हा त्याचा वेग सेकंदाला १ किंवा २ मेगाबिट होता. १९९९ साली तो ११ मेगाबिटांवर गेला आणि त्याच वर्षी 'वाय-फाय' हे व्यापारी नाव रूढ झाले.

आपल्या देशात जानेवारी २००५ मध्ये सरकारने २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्यातून मुक्त केला. त्या अधिसूचनेतही तीच तत्त्वे आहेत. दुसऱ्याला अडथळा नाही, स्वतःला संरक्षण नाही, आणि वापर सर्वांनी वाटून घ्यावयाचा. ज्या देशात रेडिओचा संच ठेवावयास पुस्तक लागे, त्या देशात घराघरांत एक छोटे प्रक्षेपण केंद्र बसले आणि त्याची कोणी साधी नोंदही मागितली नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे एकूण ६०५ मेगाहर्ट्झही असेच मोकळे झाले. नवे गायरान जुन्याहून कितीतरी मोठे आहे. पण तेथील लहरी आखूड, म्हणून जुन्या वाड्यांच्या भिंतींपुढे त्या लवकर थकतात. आणि पुष्कळसे स्वस्त कॅमेरे तर जुन्या पट्ट्यातच बोलतात. या जुन्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा जेमतेम तीन. आळीतील सर्व घरांची वाय-फाये, ब्लूटूथची कर्णयंत्रे आणि शेजारच्या स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टी ही सारी त्या तीन वाटांवर!

येथवर जागेचा इतिहास झाला. आता त्या जागेत शिरलेल्या पहारेकऱ्याचा इतिहास पाहू. लांबून पाहणारा कॅमेरा प्रथम माणसाने जवळ जाऊ नये अशा ठिकाणी उभा राहिला. १९४२ साली जर्मनीत पेनेम्युंडे येथे अग्निबाणांचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहता यावे म्हणून वाल्टर ब्रुख या अभियंत्याने उभारलेली दूरचित्र-व्यवस्था ही या प्रकारच्या आद्य व्यवस्थांपैकी एक होय. तो कॅमेरा घराच्या दाराशी आणला तो न्यू यॉर्कमधील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने. तिच्या कामाच्या वेळा अवेळी असत. पतीही पुष्कळदा घरी नसे. १९६६ साली तिने पतीसह अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी त्यांना स्वामित्वहक्क मिळाला. दाराला निरनिराळ्या उंचीवर चार भोके, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत चित्र दाखविणारा संच, दार उघडण्याची कळ आणि धोक्याची सूचना देणारी कळ, अशी ती योजना होती. तिचा उद्देश नीट ध्यानात घ्या. दाराशी कोणी आले तर ते कोण आहे, हे घरातल्या एकट्या बाईला घरातच कळावे.

कॅमेरा सर्वांच्या दृष्टीस पडण्याची गोष्ट तर चहाकॉफीच्या वेडातून निघाली. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत, कॉफीच्या भांड्यात कॉफी उरली आहे की नाही हे आपापल्या मेजावरून कळावे म्हणून क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की यांनी त्या भांड्यासमोर एक कॅमेरा लावला. चित्र केवळ १२८ बाय १२८ ठिपक्यांचे आणि करड्या रंगाचे होते. १९९३ साली ते इंटरनेटवर आले आणि जगभरच्या लोकांनी ते रिकामे-भरलेले भांडे हौसेने पाहिले. २००१ साली तो कॅमेरा बंद झाला. मला त्यातली संयमाची गोष्ट आवडते. भांड्यात फरक पडण्यास जितका वेळ लागतो, त्या मानाने थोडीशी चित्रे पाठविली की काम भागत होते.

आजचा घरगुती कॅमेरा तसा संयमी नाही. स्वच्छ चित्र पाठविणारा एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट घेतो असे धरा. हा आकडा डोळ्यांत भरत नाही. पण दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे एक कॅमेरा अहोरात्र चालला तर दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट आणि तीस दिवसांत सुमारे ६४८ गिगाबाइट मजकूर बाहेर धाडतो. चार कॅमेऱ्यांचे चौपट करा. आपण पत्र वाचतो, गाणे ऐकतो, मध्येच उठून पाणी पितो. आपल्या बोलण्यात विराम असतात. हा पहारेकरी विराम घेत नाही. रिकामा जिना, न हलणारी तुळस आणि बंद दिंडी यांचे तो रात्रभर वर्णन करीत राहतो.

त्यात एक विलक्षण अन्याय दडलेला आहे. २००३ साली फ्रान्समधील ग्रनोबल येथील मार्टिन ह्यूस आणि त्यांचे सहकारी यांनी तो दाखवून दिला. वाय-फायचा नियम प्रत्येकाला बोलण्याची सारखी संधी देतो. पण किती वेळ बोलावे ते तो पाहत नाही. जो दूर आहे, भिंतींच्या आड आहे, तो सावकाश बोलतो. एकच वाक्य सांगावयास त्याला कितीतरी पट वेळ लागतो, आणि तेवढा वेळ बाकीचे सर्व उभे. त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, ११ मेगाबिटांचे यंत्र १ मेगाबिटाच्या यंत्रासोबत बोलू लागले की, त्या वेगवान यंत्राचा वाटाही १ मेगाबिटाच्या खाली येतो. पंगतीत सर्वांत सावकाश जेवणाऱ्यासाठी सारी पंगत खोळंबावी, तसेच हे. नव्या मानकांनी वेग वाढविले आणि काही सुधारणाही केल्या, तरी दूरच्या बोलणाऱ्याने हवेचा वेळ खावा हा स्वभाव संपूर्ण गेलेला नाही. आणि कॅमेरे तर आपण हटकून दूरच लावतो! दिंडीवर आणि परसात, राउटरपासून जितके लांब जाता येईल तितके. चोर तेथूनच येणार ना?

दुसरी अडचण घराबाहेर पडणाऱ्या वाटेची. टेलिफोनच्या आणि केबलच्या तारांवरून इंटरनेट घरी आले तेव्हा अभियंत्यांनी असे गृहीत धरले की, घरातील माणूस घेईल पुष्कळ आणि देईल थोडे. म्हणून येणारी वाट रुंद आणि जाणारी अरुंद ठेवली. वाचकासाठी व श्रोत्यासाठी ही योजना उत्तमच होती. पण कॅमेरा हा श्रोता नव्हे, तो वक्ता आहे. तो घेत काहीच नाही, नुसता देतो. आपल्या देशात काचतंतूंच्या जोडण्या वाढल्यापासून अनेक घरांची जाणारी वाट रुंद झाली आहे. दादांच्या घरी मात्र ती सेकंदाला १० मेगाबिटांची होती आणि चार कॅमेरे तिच्यातले ८ नित्य अडवीत होते. त्यांनी अधिक पैसे भरून जी योजना घेतली तिच्यात येणारी वाटच रुंद झाली होती!

आणि वाट भरत आली की केवळ वेग कमी होत नाही, तर रांग लागते. २०१० साली जिम गेटिस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाला स्वतःच्या घरच्या जोडणीतच हा दोष सापडला. स्मृती स्वस्त झाल्यामुळे यंत्रांत मोठमोठी गोदामे ठेवली गेली होती. वाट भरली की मजकूर टाकून देण्याऐवजी यंत्रे तो गोदामात साठवीत आणि प्रत्येक नव्या शब्दाला त्या लांब रांगेच्या शेवटी उभे राहावे लागे. चित्रफितीला सेकंदभर उशीर झाला तर कोणाचे बिघडत नाही. संभाषणाचे मात्र बिघडते. यावर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली रांग आखूड ठेवणारी एक पद्धत सुचविली आणि ती आता बऱ्याच राउटरांत असते. दादांच्या राउटरात ती नव्हती. त्यामुळे वहिनींचा "जेवलास का रे?" हा प्रश्न परसातील अंधाराच्या चित्रामागे रांगेत उभा राहत होता.

येथे वहिनींच्या वाक्याचा अर्थ पुरता उलगडला. मुलाला ते दिसत होते म्हणूनच त्यांचे बोलणे त्याला ऐकू जात नव्हते. पाहणे आणि बोलणे ही दोन्ही एकाच हवेतून आणि एकाच अरुंद वाटेने जात होती, आणि पाहणाऱ्याने ती वाट अडविली होती.

मग आम्ही काय केले? फार काही नाही. राउटर रस्त्याकडील खोलीत लोखंडी कपाटामागे होते, ते चौकाच्या कडेस आणले. दिंडीचा आणि परसाचा कॅमेरा बदलून तारेवर चालणारे घेतले आणि तारा ओढल्या. ज्या कटकटीतून सुटण्यासाठी बिनतारी यंत्रे आणली, ती कटकट एका दुपारची होती. चित्रे आता घरातल्याच एका पेटीत साठतात. हालचाल झाली तरच सूचना परदेशी जाते. चित्राची बारकाईही थोडी उतरविली. जिन्याचा कॅमेरा बिनतारीच राहिला, पण तो आता क्वचितच बोलतो.

बैठकीच्या खोलीतील कॅमेऱ्यावर मात्र वाद झाला. तो काढण्याचे मुलाच्या मनात नव्हते. "तुम्ही दोघे पडलात-बिडलात तर मला कळणार कसे?" असे तो म्हणाला, आणि त्यात खोटे काही नव्हते. दूर असलेल्या मुलाची काळजी ही काही गंमत नव्हे. दादा गप्प राहिले. वहिनी म्हणाल्या, "अरे, दिवसभर तू मला बघतोस आणि रविवारी विचारतोस, कशी आहेस. मला सांगू दे की मी कशी आहे." शेवटी असे ठरले की, बैठकीतला कॅमेरा काढावा आणि मुलाने रविवारप्रमाणेच बुधवारीही बोलावे. शेजारच्या घरी एक किल्ली ठेवली आहे आणि शेजारीण रोज सकाळी हाक मारून जाते. हा पहारा फार जुना असून त्याला कोणतीच कंपनसंख्या लागत नाही.

श्रोतेहो, मी यंत्रांचा शत्रू नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना दारावरच्या डोळ्याचा आधार वाटतो आणि तो खरा आहे. न्यू यॉर्कच्या त्या परिचारिकेची गरज आजही संपलेली नाही. परंतु तिचा कॅमेरा घरातल्या माणसाला बाहेरचे दाखवीत होता. आपला कॅमेरा पुष्कळदा बाहेरच्या माणसाला घरातले दाखवितो. या दोहोंतला फरक यंत्र सांगणार नाही, तो आपणच ठरविला पाहिजे.

गायरानाचा अनुभव आपल्या गावांना जुना आहे. ते कोणाचेच नसते म्हणून टिकत नाही. कोणाची किती गुरे चरावीत याचा विवेक गावाला असतो तोवरच ते टिकते. १९४७ साली भट्ट्यांसाठी सोडलेली आणि १९८५ व २००५ साली सर्वांना खुली झालेली ही हवा आपल्या प्रत्येकाच्या घरात आली आहे. तिचा तलाठी सरकार नाही आणि केबलवालाही नाही. तो घरधनी आहे. इंटरनेट मंद झाले म्हणून अधिक भाडे भरण्यापूर्वी त्याने आपल्याच घरात एक फेरी मारावी आणि पाहावे की, या क्षणी येथे कोण बोलत आहे, कोणाशी बोलत आहे, आणि ते बोलणे आपल्याला हवे आहे का.

गेल्या रविवारी मी दादांकडे होतो. तासभर बोलणे झाले. मुलाने तिकडे पडलेल्या बर्फाची हकीकत सांगितली. वहिनींनी लोणच्याची सांगितली. 'ऐकू येते का?' असे कोणीही एकदासुद्धा विचारले नाही.